कपाशीत तणनाशक मारलं, तरी तण का मरत नाही?

सरकी उगवून पंचवीसेक दिवस झाले, पावसाने दोन-चार दिवस उघडीप दिली, की दरवर्षी हाच प्रश्न येतो. "औषध मारून आठ दिवस झाले, तण जसंच्या तसं उभं आहे. आता दुसरं काय मारू?" विचारणाऱ्याच्या हातात पुष्कळदा दुसरी बाटली आलेलीच असते. माझी विनंती एवढीच, की ती बाटली उघडण्याआधी अर्धा तास वावरात जा आणि खाली सांगतो ते तपासा. मी वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या काळ्या कोरडवाहू जमिनीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, करतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वावरात जाऊन पाहिलं, त्यात औषधच खोटं निघालं असं फार थोड्या वेळा झालं. ते कोणत्या तणावर मारलं, तण केवढं असताना मारलं आणि एकरी किती पडलं, या तीन गोष्टींतच बहुतेक वेळा गाठ सापडली.

आठ दिवस झाले, काहीच फरक दिसत नाही

कीटकनाशक मारलं की दुसऱ्या दिवशी अळ्या मेलेल्या दिसतात. तीच सवय आपण तणनाशकाला लावतो. कपाशीत उभ्या पिकावर चालणारी औषधं सावकाश काम करतात. क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप, फेनॉक्साप्रॉप ही गवतावरची औषधं पानातून आत शिरून वाढीच्या कोंबापर्यंत जातात. गवत वरून हिरवंच दिसतं, आत कोंब सडायला लागलेला असतो. पूर्ण वाळायला दहा ते पंधरा दिवस लागतात. रुंद पानाच्या तणावरचं पायरिथिओबॅक सोडियम तर त्याहून संथ आहे. तण वाढायचं थांबतं, शेंडा पिवळा पडतो आणि मग हळूहळू बसतं.

गवतावर औषध लागू पडलं की नाही, हे पाहायची सोपी खूण आहे. फवारणीनंतर सात-आठ दिवसांनी गवताचा मधला पोंगा दोन बोटांत धरून हळूच वर ओढा. तो सहज निसटून हातात आला आणि खालचं टोक तपकिरी, मऊ, कुजल्यासारखं असेल, तर ते गवत मेलेलं आहे. वरच्या हिरव्या पानांकडे पाहू नका. पोंगा घट्ट असेल, ओढल्यावर पांढरं ताजं टोक तुटून येत असेल, तर मात्र औषध पोहोचलेलं नाही आणि पुढचं कारण शोधायला हवं. दहा जागी बसून असे पोंगे ओढून पाहिले, तर वावरातला कोणता भाग सुटला तेही कळतं.

ही खूण न पाहता चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा फवारणारे मी पाहिलेत. त्यात पैसा जातो आणि पऱ्हाटीही पिवळी पडते. पायरिथिओबॅकच्या एका नेमक्या मात्रेनेसुद्धा कपाशीची पानं थोडी पिवळसर, ठिपकेदार होतात. आठ-दहा दिवसांत ती सावरतात, त्याला घाबरून लगेच युरिया, टॉनिक असं काही मारायची गरज नसते. दुप्पट मात्रेने वाढ खुंटली तर ते दिवस परत मिळत नाहीत.

गवत मेलं, पण केना आणि लव्हाळा तसाच

ही तक्रार सगळ्यात जास्त येते. कारण एकच, दिसायला गवतासारखं असलेलं प्रत्येक तण गवत नसतं.

तण मुळासकट उपटून हातात घ्या. खोड बोटांत फिरवून पाहा. खोड त्रिकोणी, बोटाला तीन धारा लागताहेत आणि मुळाशी काळसर, वासाची गाठ आहे, तर तो लव्हाळा. खोड मांसल, पेरापेरावर मुळं फुटलेली, पान रुंद आणि खोडाला बुडाशी आवळून बसलेलं, निळं फूल, तर तो केना. शिप्पी, चिमणचारा, हराळी ही खरी गवतं. क्विझालोफॉपच्या गटातली औषधं फक्त खऱ्या गवतावर चालतात. केना आणि लव्हाळा दोन्ही एकदल असूनही त्या गटाला दाद देत नाहीत. दुप्पट मारलं तरी नाही. उलट सलग दोन-तीन वर्षं एकच गवतनाशक मारलेल्या वावरात गवत गेल्यामुळे मोकळी झालेली जागा केना पटकावतो, आणि शेतकरी म्हणतो की "औषधाने केना वाढला." म्हणणं तसं खरंच आहे.

रुंद पानाचं तण वेगळं. कुंजरू, दुधी, तांदुळजा, पेटारी, तरोटा, हजारदाणी, गाजर गवत यांच्यासाठी कपाशीत पायरिथिओबॅक सोडियम १० टक्के ईसी (पाण्यात मिसळणारं तेलकट द्रावण) आहे, एकरी २५० ते ३०० मिली. पण ते तण दोन ते चार पानांवर असताना. यातली बरीच तणं वितीएवढी झाली की मरत नाहीत, नुसती थबकतात आणि पंधरा दिवसांनी बाजूने फुटतात. केनासुद्धा कोवळा असताना थोडाफार दबतो, पसरल्यावर नाही. गाजर गवत फुलावर यायच्या आत हातमोजे घालून उपटणं हाच मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो.

केन्याबद्दल आणखी एक. त्याला जमिनीखालीही फुलं येऊन बी धरतं, आणि तुटलेलं प्रत्येक पेर ओल्या मातीत पुन्हा मूळ धरतं. म्हणून भर वाफशात डवरा (बैलाचं कोळपं) फिरवून केना तिथेच टाकला, की चार दिवसांत एकाचे दहा होतात. केना वेचून धुऱ्याबाहेर, बांधापलीकडे, न्यावा लागतो. निंदणाच्या बायांना हे आपल्याआधी माहीत असतं, त्या केन्याचा ढीग तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, कधी ठेवत नाहीत.

लव्हाळ्याला उभ्या कपाशीत समाधानकारक औषध नाही, हे स्पष्ट सांगतो. त्याच्या गाठी जमिनीखाली साखळीसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वरचं पान जाळलं तर खालची दुसरी गाठ फुटते. डवऱ्याने साखळी तुटली तर प्रत्येक गाठ स्वतंत्र झाड होते. त्याचा बंदोबस्त उन्हाळ्यात करायचा: खोल नांगरट, एप्रिल-मेच्या उन्हात गाठी उघड्या पाडणं, वखराच्या पाळ्या देऊन त्या वेचून काढणं, आणि जमलं तर एक-दोन वर्षं पिकाची अदलाबदल.

एका पट्ट्यात मेलं, दुसऱ्यात नाही

इथे जरा थांबू, कारण नुकसानीचं मूळ मला इथेच सापडत आलंय.

दुकानात आपण विचारतो, "पंपाला किती?" दुकानदार सांगतो, "तीस मिली." पण तणनाशकाची मात्रा पंपावर ठरत नाही, जमिनीवर ठरते. क्विझालोफॉप इथाइल ५ टक्के ईसीची मात्रा एकरी ४०० मिली आहे. "पंपाला तीस" हा हिशेब एकरी २०० लिटर पाणी, म्हणजे १५ लिटरचे साधारण तेरा पंप लागतील असं धरून केलेला असतो. तुम्ही झपाझप चालून एकर आठ पंपांत आटोपलं, तर ३० × ८ = २४० मिलीच पडलं. शिफारशीच्या ६० टक्के. तेवढ्याने गवत मरत नाही, आजारी पडतं आणि पुन्हा उठतं. शेजारी सावकाश चालून चौदा पंप मारतो आणि त्याचं तण मरतं. दोघांचं औषध एकच, दुकानही एकच. मग पहिला म्हणतो मला बनावट मिळालं.

आपला हिशेब आपणच काढायचा. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, म्हणजे एक गुंठा, दोरीने आखून घ्या. पंपात मोजून दहा लिटर साधं पाणी भरा. नेहमीच्या चालीने, नेहमीच्या नोझलने तो गुंठा फवारा आणि उरलेलं पाणी मोजा. तीन लिटर गेलं, तर एकराच्या चाळीस गुंठ्यांना १२० लिटर, म्हणजे आठ पंप. मग ४०० भागिले ८, पंपाला ५० मिली. पाच लिटर गेलं, तर २०० लिटर, तेरा पंप, पंपाला ३० मिली. फवारणारा माणूस बदलला की हे पुन्हा करायचं, कारण प्रत्येकाची चाल वेगळी. वीस मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या मते बाटलीच्या किमतीइतकंच मोलाचं.

पट्ट्यापट्ट्याने फरक पडण्याची आणखी कारणं याच्याच जवळची आहेत. कीटकनाशकाचं गोल फवारा देणारं नोझल तणनाशकाला वापरलं की बारीक धुकं वाऱ्यावर उडतं आणि औषध सगळीकडे सारखं पडत नाही. तणनाशकाला चपटा, पसरट फवारा देणारं फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल हवं. बॅटरीचा पंप दुपारपर्यंत उतरतो, दाब कमी होतो, शेवटच्या तासांना मात्रा कमी मिळते. एका वावरात सकाळची बाजू स्वच्छ आणि दुपारची हिरवीगार, अशी सरळ रेघ मी पाहिली आहे. पंप खाली ठेवून जेवायला बसलात, तर उठल्यावर हलवूनच पुन्हा सुरू करा.

ओल, ऊन आणि पाऊस

पावसाने ओढ दिली, जमीन तडकली, तणाची पानं दुपारी मलूल झाली, अशा वेळी मारलेलं औषध वाया जातं. तहानलेलं तण औषध आत घेत नाही. जमिनीत ओल असताना, तण जोमात वाढत असतानाच मारा. पान धुळीने माखलेलं नको. फवारल्यावर निदान चार ते सहा तास पाऊस नको. ढग पाहून घाई करण्यापेक्षा एक दिवस थांबणं स्वस्त पडतं, पण आठ दिवस थांबणं महाग, कारण तेवढ्यात तण चार पानांवरून दहा पानांवर जातं.

नाल्याच्या गढूळ पाण्याने नोझल तुंबतं हे तर आहेच. पॅराक्वाट आणि ग्लायफोसेट ही पडेल ते हिरवं मारणारी औषधं मातीच्या कणांना चिकटून निकामीही होतात.

कीटकनाशक, विद्राव्य खत, तणनाशक सगळं एकाच पंपात टाकून मजुरी वाचवायचा मोह मला समजतो, पण करू नका. पायरिथिओबॅक आणि गवतनाशक एकत्र हवं असेल, तर कंपनीने प्रमाण ठरवून तयार केलेलं मिश्रण घ्या. घरी मिसळताना एकाने दुसऱ्याचा जोर कमी होतो, विशेषतः गवतावरचा. आणि वावरात तुरीची तासं असतील, तर पायरिथिओबॅक तुरीवर जाऊ देऊ नका. ते कपाशीला सोसतं म्हणून तुरीला सोसेल असं नाही.

सरकी टोबल्यावर लगेच मारलं, तरी उगवलंच

पेंडीमिथॅलीन हे उगवणीआधीचं औषध. ते मातीच्या वरच्या थरात पापुद्र्यासारखं बसतं आणि त्यातून वर येणाऱ्या बारीक बियांच्या तणाचा कोंब-मूळ तिथेच थांबवतं. हे कळलं की त्याच्या अपयशाची कारणं आपोआप कळतात.

एक, ते लागवडीनंतर ४८ तासांच्या आत आणि तण उगवायच्या आधी पडायला हवं. उगवलेल्या तणाला ते काही करत नाही. दोन, जमीन ओली हवी. कोरड्या ढेकळांवर मारलं तर थर बसत नाही, उन्हाने उडून जातं, आणि ढेकूळ फुटलं की आतली न भिजलेली माती उघडी पडते. धूळपेरणी करणाऱ्यांची तक्रार बहुधा हीच असते. तीन, मारल्यावर पंधरा दिवसांत डवरा घातला की तो थर आपणच मोडतो. चार, लव्हाळा, हराळी ही गाठीतून-काशीतून येणारी तणं त्याला जुमानत नाहीत.

मात्रेतही एक घोटाळा होतो. ३० टक्के ईसी एकरी १ ते १.६ लिटर लागतं, तर ३८.७ टक्के सीएस (सूक्ष्म कुप्यांत भरलेलं द्रावण) एकरी ६०० ते ७०० मिलीच. नाव एकच, बाटल्या दोन. जुन्या सवयीने ३८.७ चं दीड लिटर मारलं, त्यावर जोराचा पाऊस झाला आणि सरकी वरवर टोबलेली असली, तर उगवण अडखळते, मुळं आखूड राहतात. बाटलीवरची टक्केवारी वाचून घ्या, आणि लेबलावरची मात्रा माझ्या सांगण्यापेक्षा वर माना.

पऱ्हाटीचीच पानं भेंडीसारखी झाली

एका वर्षी माझ्यावर हे आलं आहे. शेंड्याची नवीन पानं अरुंद, बोटांसारखी लांबट, शिरा एकमेकींच्या जवळ, कडा आत वळलेल्या. खालची जुनी पानं मात्र ठणठणीत. मी रोग समजून दोन फवारे घातले. मग लक्षात आलं, की ज्या पंपाने धुऱ्यावर टू-फोर-डी हे रुंद पानाच्या तणावरचं औषध मारलं होतं, त्याच पंपाने, नुसता पाण्याने खंगाळून, मी कपाशीवर फवारणी केली होती. चार तासं पुरी लागली, पाचव्या तासापासून कमी होत गेली, कारण तोवर पंपातलं शिल्लक धुऊन गेलं होतं. असा उतरत जाणारा नमुना दिसला की पंपावरच संशय घ्या.

टू-फोर-डीला कपाशी अतिशय हळवी आहे. तळाशी राहिलेला अंश पुरतो. शेजाऱ्याच्या ज्वारी-मक्यात किंवा उसात मारलेलं वाऱ्याने आलं तरी पुरतं. त्याचा एस्टर प्रकार तर वाफेनेही सरकतो. वाऱ्याने आलेलं असेल, तर शेजारच्या धुऱ्याकडून आतल्या बाजूला लक्षणं कमी होत जातात. तुडतुड्यांनी पान वळतं तेव्हा कडा पिवळ्या-लालसर होतात आणि पान उलटून पाहिलं की कीड दिसते, त्यामुळे दोन्हींत गल्लत करू नका.

याला उतारा नाही. इजा हलकी असेल, तर तीन-चार आठवड्यांनी नवीन पानं नीट येतात. तोवर पाणी, थोडं नत्र, आणि दुसरं औषध नाही. कायमचा उपाय म्हणजे तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणं. नवा पंप परवडत नसेल, तर जुना तणनाशकाला द्या आणि त्यावर लाल पट्टी रंगवा. धुण्याचा सोडा घालून तीन वेळा, नळी-नोझलसकट धुतल्यावरही मी त्या पंपाने कपाशीवर कीटकनाशक मारत नाही.

"सरळ ग्लायफोसेटच मारू का?"

साध्या बीटी कपाशीवर ग्लायफोसेट पडलं, तर कपाशी मरते किंवा पार खुंटते. ते सहन करणारी म्हणून जी चोरबीटी विकली जाते, तिला देशात परवानगी नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने ते बियाणं उघडपणे पेरून सत्याग्रह केला होता. निंदणाला माणूस मिळत नाही, ही त्यामागची अडचण खरी आहे, ती मी दर हंगामात भोगतो. पण बिलाशिवाय घेतलेलं पाकीट उगवलं नाही किंवा औषधाने जळलं, तर दाद कुठे मागणार? शिवाय केंद्राने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ग्लायफोसेटचा वापर फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करण्याचा आदेश काढला.

पॅराक्वाट नोझलला टोप लावून तासांच्या मधे मारतात. पानावर थेंब पडला तिथे पऱ्हाटी जळते, हा त्यातला लहान धोका. मोठा धोका असा, की पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ते कधीही काढून ठेवू नका, घरात तर नकोच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरं उघडी पडली, ते आपण विसरलेलो नाही. ती औषधं कीटकनाशकं होती, पण हात, श्वास आणि अंगावर ओला होणारा सदरा तोच. हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याच्या विरुद्ध फवारणी नाही, आणि संध्याकाळी आधी अंघोळ मग जेवण.

खर्च कमी करून तण आवरायचं असेल तर

मी आता पूर्ण वावरात उगवणीआधीचं औषध मारत नाही. तीन फुटी तासांत सरकीच्या ओळीवर फक्त एक फुटाची पट्टी फवारतो. जमीन एक तृतीयांश, म्हणून औषधही एक तृतीयांश. मधले दोन फूट डवऱ्याचे. डवरा पट्टीच्या आत शिरू द्यायचा नाही, एवढं बैल हाकणाऱ्याला बजावून ठेवतो. निंदणाचा खरा वेळ जातो तो दोन झाडांमधलं तण काढण्यात, जिथे डवरा पोहोचतच नाही. औषध तिथेच हवं. पुढे पंचविसाव्या दिवसाच्या आसपास तण ओळखून, गरज असेल तरच उभ्या पिकातली एक फवारणी. लागवडीपासून साठ दिवस पऱ्हाटी तणापासून मोकळी राहिली, की तिची सावली जमिनीवर पडते आणि नंतरचं तण फारसं डोकं काढत नाही.

आणि एक काम यंदा नक्की करा. फवारताना वावरात एक तास, पाच-सहा पावलांचा तुकडा, कोरा सोडा. खुंटी रोवून ठेवा. पंधरा दिवसांनी औषध लागलं की नाही याचा वाद त्या तुकड्यापाशी उभं राहून मिटतो. मागच्या पावसाळ्यात एक शेतकरी मला घेऊन गेला, औषध पाण्यासारखं निघालं म्हणून फार कष्टी होता. फवारलेल्या तासांत केना आणि थोडा लव्हाळा होता. खुंटीपाशी गेलो, तर तिथे शिप्पी आणि चिमणचारा गुडघ्याला लागत होता, आत पऱ्हाटी दिसत नव्हती. तो खाली बसला, फवारलेल्या बाजूचं गवत शोधू लागला आणि त्याला हातभर वाळलेली पात सोडून काही सापडलं नाही. त्याचं दुसरं औषध तसंच परत गेलं. दोन बाया लावून त्याने केना वेचून घेतला.